दरवानाचं वाक्य

सोमवार, ४ जानेवारी

फिजिओबाईंनी नाटकातल्या सगळ्यांना बजावलं आहे, आपापल्या भूमिकेविषयी रोज चार ओळी लिहायच्या. म्हणून ही वही. विभागाचं जुनं रजिस्टर आहे, मागची पानं कोरी होती. पुढच्या पानांवर आठ वर्षांपूर्वीची मनगटं, गुडघे आणि छात्या तारीखवार लिहिलेल्या आहेत.

माझी भूमिका दरवानाची. वाक्यं: एक.

हॉस्पिटलला पन्नास वर्षं होतात म्हणून कर्मचाऱ्यांनी नाटक बसवायचं ठरवलंय. नाटक तेच, जे सगळ्यांनी शाळेत वाचलंय. मी आधी नाही म्हणालो. फिजिओबाई म्हणाल्या, "एक्स-रेकाका, तुम्ही असेही दिवसभर दाराशीच उभे असता. इथे फक्त भाला धरायचा." त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. आखडलेले खांदे फिरवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे नाही म्हणणारी माणसं त्यांना नवी नाहीत.

बुधवार, ६ जानेवारी

पहिलं वाचन. फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये, चालण्याचे दांडे बाजूला सारून. आम्ही चौदाजण.

गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती आपल्याला पाठ आहे असं प्रत्येकाला वाटतं आणि असते कोणालाच नाही. राजा सात महिने लढाईवर. तिसऱ्या महिन्यात राणी निघून जाते. चोरून नाही, भर दुपारी, मुख्य दारातून, आपल्या पायांनी. दरबारातून राजाला पत्रं मात्र जात राहतात की सगळं ठीक आहे. राजा परततो, महाल रिकामा. तो प्रधानाला विचारतो, दासीला विचारतो, पुरोहिताला विचारतो. प्रत्येकजण दोन-दोन पानं बोलतो. शेवटी त्याची नजर दरवानाकडे जाते. "तू दारावर होतास. तुला माहीत होतं?"

दरवान म्हणतो, "माहीत होतं, महाराज. पण मला कोणी विचारलं नाही."

इथे लोक हसतात. मग राजा उंबऱ्यावर बसतो आणि पडदा.

या वाक्याची पार वाट लागली आहे. घरात साखर संपली की लोक हेच म्हणतात. बस भलत्या रस्त्याने गेली की कंडक्टर हेच म्हणतो. आज मी ते वाचलं तेव्हाही सगळे हसले. मी काही केलं नव्हतं.

राजाचं काम लाँड्रीचे प्रमुख करताहेत. हॉस्पिटलातली प्रत्येक चादर या गृहस्थांच्या हाताखालून जाते. तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीवर ओरडून आवाज असा झालाय की पडदा लावला तरी पलीकडे जाईल. आजपासून सगळे त्यांना 'महाराज' म्हणायला लागले. त्यांनीही ते लगेच मनावर घेतलं. मला म्हणाले, "दरवान, पाणी आण." मी आणलं.

सोमवार, ११ जानेवारी

सत्तावीस रुग्ण. त्यात छातीचे अकरा.

माझं खरं वाक्य निराळंच आहे. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दिवसाला चाळीसदा म्हटलं तरी एकतीस वर्षांत किती झालं, त्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. या वाक्याला कोणी हसत नाही. सगळे ऐकतात. मोठमोठी माणसं माझ्या एका शब्दावर श्वास थांबवतात.

त्यानंतर येतो तो प्रश्न. शर्टाची बटणं लावता लावता, माझ्याकडे न बघता: "काय दिसलं?" आणि माझं दुसरं वाक्य: "रिपोर्ट डॉक्टर देतात." नियमच आहे तो, आणि चांगला नियम आहे. मी चित्र काढतो, वाचणारा दुसरा. अर्धवट वाचणाऱ्याने तोंड उघडलं तर लोकांचा जीव टांगणीला लागतो. सुरुवातीला एकदा मी एका बाईंना "काही नाही, जा" म्हणालो होतो आणि तसं नव्हतं. पुन्हा म्हणालो नाही.

त्यामुळे दरवानाचं मला काही चुकलेलं वाटत नाही. त्याचं काम दार उघडणं आणि बंद करणं. कोण गेलं ते राजाला लिहिणं हे प्रधानाचं काम. हे आज चहाच्या वेळी बोलून दाखवलं, तर महाराज म्हणाले, "वा! सगळ्या महालात शहाणा एकच, आणि तोही भाला धरून गप्प."

शुक्रवार, १५ जानेवारी

मी वाक्य सपाट म्हणतो अशी तक्रार. फिजिओबाई: "काका, हे तुम्ही 'श्वास धरून ठेवा'सारखं म्हणताय. यामागे काय आहे? भीती आहे? डूख धरलाय का त्याने? की बेरकी आहे?"

मी म्हणालो, "माहिती आहे."

"काय माहिती आहे?"

"तेच. त्याच्यामागे फक्त माहिती आहे. राणी गेली, ही."

त्यांनी कपाळाला हात लावला.

मंगळवार, १९ जानेवारी

हल्ली तालीम झाली की महाराज आणि मी बसस्टॉपपर्यंत बरोबर जातो. त्यांची बस आधी येते. तरी ते ती सोडतात आणि माझी आली की मग पुढच्या बसने जातात. कारण विचारलं नाही.

ते बोलतात, मी ऐकतो. घरी बायको, मुलगा, सून आणि नऊ महिन्यांची नात. नातीला झोपवायचं काम त्यांचं, कारण त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय ती डोळे मिटत नाही. "राजाची सगळी भाषणं तिला म्हणून दाखवतो. युद्धाच्या वर्णनाला हमखास झोपते."

माझ्या घरी कोण, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, हिला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते, रविवारी फोन करते. ते "हं" म्हणाले आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. जड नव्हती.

त्यांना खोकला आहे. साबणाच्या वाफेचा आहे म्हणतात. महिनाभर आहे.

बुधवार, २० जानेवारी

जेवणाच्या सुटीत महाराज विभागात आले. "दरवान, एक फोटो काढ छातीचा. फिजिओबाई मागे लागली आहे. म्हणे राजा तिसऱ्या अंकात खोकतो ते नाटकात लिहिलेलं नाही." डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आम्ही तेवढं चालवून घेतो.

हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा. सोडा.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. डागाच्या मधोमध पोकळी. एकतीस वर्षांत असे किती बघितले असतील.

"काय दिसलं?" बटणं लावताना.

"रिपोर्ट डॉक्टर देतात."

ते खो खो हसले, मग खोकले. "म्हणजे काही नाही. काही असतं तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं."

संध्याकाळी तालीम चांगली झाली.

शनिवार, २३ जानेवारी

आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला. त्यात दिसतं ते लिहिलंय आणि खाली 'तातडीने थुंकीची तपासणी करावी, डॉक्टरांना भेटावं'. पाकिटावर नाव घालून ते 'न नेलेले रिपोर्ट'च्या खणात ठेवलं. चिठ्ठी नसल्यामुळे कोणत्या डॉक्टरांकडे पाठवायचं, हा रकाना रिकामा. मग रुग्णाने स्वतः न्यायचं, असा नियम आहे.

महाराजांना बसस्टॉपवर म्हणालो, "रिपोर्ट आलाय. घेऊन जा."

"नेतो रे. नाटक होऊ दे."

सांगितलं. माझं काम झालं.

मंगळवार, २६ जानेवारी

पाकीट खणात आहे.

गुरुवार, २८ जानेवारी

पाकीट खणात आहे. महाराजांना दुसऱ्यांदा आठवण केली. ते म्हणाले, "तू तर माझ्या बायकोच्या वर झालास." तिसऱ्या अंकातलं भाषण कापून अर्धं केलंय, धाप लागते म्हणून. ते रोडावलेत. फिजिओबाई म्हणतात, राजाला शोभतं, लढाईवरून आल्यासारखे दिसतात.

मी आज माझं वाक्य विसरलो. एकच आहे आणि तेच विसरलो. सगळे हसले.

मंगळवार, २ फेब्रुवारी

फिजिओबाईंनी घरचा अभ्यास दिला आहे: राणी गेली त्या दिवशी दरवानाने काय काय बघितलं, ते लिहा. मला असलं कल्पनेतलं लिहिता येत नाही. घडलेलं लिहितो.

हिची फिल्म मीच काढली होती. दुसऱ्या कोणाकडून काढून घे म्हणालो, तर ही म्हणाली, "घरात तंत्रज्ञ असताना रांगेत कशाला उभी राहू?" खांदे पुढे, श्वास घे, धरून ठेव, सोड. फिल्म हातात आली तेव्हा ती आत कपडे बदलत होती. तिच्या चपला पडद्याखाली दिसत होत्या. दोन मिनिटं असतील.

ती बाहेर येऊन म्हणाली, "झालं?"

मी म्हणालो, "झालं. रिपोर्ट डॉक्टर देतील."

मग घरी निघालो. वाटेत पडद्यांचं कापड बघितलं. तिला निळं हवं होतं, माझं म्हणणं होतं की निळा विटतो. चार दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं. ती माझ्याकडे वळली नाही, डॉक्टरांकडेच बघत राहिली. मला आधी माहीत होतं का, असं तिने विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरच्या चौदा महिन्यांतही नाही. मुलीनेही कधी विचारलं नाही.

एवढंच. हे फिजिओबाईंना दाखवण्यासारखं नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहिलं की ऊन होतं आणि राणीच्या हातात पेटी होती.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

खणात आहे.

रविवार, ७ फेब्रुवारी

रविवारची जादा तालीम. महाराजांची सून नातीला घेऊन आली होती. ते राजाच्या मुकुटानिशी तिला कडेवर घेऊन हॉलभर फिरले. ती त्यांच्या मिशा ओढत होती. पुठ्ठ्याचा मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला तर तो खांद्यांपर्यंत उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. तिला खाली ठेवायला सवड मिळाली नाही, तिच्या डोक्यावरच खोकले, आणि उबळ ओसरल्यावर तिथेच तिची पापी घेतली.

मी भाला भिंतीला टेकवून बाहेर गेलो. मुलीचा फोन आला तेव्हा तो घ्यायचा राहिला.

सोमवार, ८ फेब्रुवारी

विभाग उघडायच्या आधी खणातून पाकीट काढलं आणि लाँड्रीत गेलो. सहीशिवाय रिपोर्ट बाहेर काढता येत नाही. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे माझी सही केली.

लाँड्रीत मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. सहा यंत्रं, दोन चालू. चादरींचे ढीग माणसाहून उंच. महाराज इस्त्रीच्या रुळापाशी होते. घरघरीमुळे ओरडूनच बोलावं लागत होतं, म्हणून ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे टाके घालायला आलेले उशांचे अभ्रे होते.

मी पाकीट दिलं. "टीबी असावा. थुंकी तपासावी लागेल. आजच चला, मी बरोबर येतो. बाळाला तोवर जवळ घेऊ नका."

त्यांनी पाकीट उघडलं नाही. उलटं करून मागची बाजू बघितली. तिथे तारीख होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

मी म्हणालो, "एकोणीस दिवस."

"फोटो काढला तेव्हाच?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तोंडावर विचारलं होतं. काय दिसलं म्हणून."

"हो. विचारलं होतंत."

मी एवढंच बोललो. नियमाचं सांगणार होतो. दोनदा आठवण केली तेही सांगणार होतो. ते अभ्र्यांच्या ढिगावर बसले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "रोज रात्री मांडीवर घेतो रे तिला. तोंडाजवळ तोंड नेऊन भाषणं म्हणतो."

मग उठून एकटेच बाहेर गेले. मी मागोमाग निघालो, तर त्यांनी हात केला. येऊ नको, असा.

बुधवार, १० फेब्रुवारी

थुंकीत जंतू आहेत. उपचार सुरू झाले, सहा महिने चालतील. सध्या त्यांना वरच्या वेगळ्या खोलीत ठेवलंय. तालमी बंद. घरच्यांची तपासणी चालू आहे. बाळाचीही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

नाटकातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचा आदेश आला. प्रधान, पुरोहित, दासी, शिपाई, सगळे रांगेत. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. कोणी काही विचारलं नाही. फिजिओबाई शेवटी आल्या.

फोटो झाल्यावर त्या गेल्या नाहीत. "काका, आम्ही तीन आठवडे बंद हॉलमध्ये त्यांच्यासमोर उभे होतो. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही स्वतःही उभे होतात!"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच नव्हतं. फिजिओबाई म्हणाल्या, "सरका. मशीनसमोर उभे राहा. बटण कुठलं ते सांगा." असं करता येत नाही. दुसऱ्या पाळीच्या तंत्रज्ञाने माझा फोटो काढला. तो "धरून ठेवा" म्हणाला तेव्हा श्वास कसा धरतात ते मला पटकन जमलं नाही. दुसऱ्यांदा काढावा लागला.

तेराच्या तेरा स्वच्छ. हे मी सगळ्यांना तिथल्या तिथे सांगितलं. नियम मोडून.

शनिवार, १३ फेब्रुवारी

रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. चिठ्ठीवाचून फोटो, खण, रजिस्टरमधली सही. त्यांनी चष्मा काढून पुसला. चिठ्ठीशिवाय फोटो काढल्याबद्दल एक समजपत्र मिळेल म्हणाले. "बाकी नियमाने तुमची काही चूक नाही. रिपोर्ट सांगणं तुमच्याकडे येत नाही. खरं म्हणजे मीच फोन करायला हवा होता."

विचारलं, "एकोणीस दिवसांनी फरक पडला असेल का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "त्याआधी महिनाभर ते खोकतच होते. कदाचित नसेल. कदाचित असेल."

दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "नाटकाचं काय झालं तुमच्या? ते वाक्य तुमच्याकडे आहे म्हणे." आणि हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं.

बुधवार, २४ फेब्रुवारी

बाळाला आजार नाही. खबरदारी म्हणून औषध द्यावं लागणार. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात लाँड्रीतल्या बाईंनी सांगितलं. मी पुढच्या रुग्णाला "श्वास घ्या" म्हणालो आणि "सोडा" म्हणायचं विसरलो. त्या बिचाऱ्या आजोबांनी धरून ठेवला. लाल झाले.

शुक्रवार, ५ मार्च

महाराज घरी गेले. मी वरच्या खोलीत तीनदा जाऊन आलो होतो. पहिल्यांदा ते झोपले होते. दुसऱ्यांदा झोपले होते. तिसऱ्यांदा डोळे मिटलेले होते, पण पायाचा अंगठा हलत होता. फळं टेबलावर ठेवून आलो.

बसस्टॉपवर हल्ली एकच बस येऊन जाते, म्हणजे माझी.

सोमवार, ५ एप्रिल

महाराज कामावर रुजू. वजन वाढलंय. संसर्ग नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. आज फेरतपासणीचा फोटो, या वेळी रीतसर चिठ्ठी घेऊन. हनुवटी वर, खांदे पुढे. आम्ही दोघंही कामापुरतंच बोललो.

फोटो स्वच्छ होत आलाय. पोकळी मिटतेय. मी त्यांनी विचारायची वाट बघितली नाही. म्हणालो, "बरंच सुधारलंय. वरचा डाग निम्म्याहून कमी झालाय."

त्यांनी शेवटचं बटण लावलं आणि म्हणाले, "रिपोर्ट डॉक्टर देतात."

गेले.

हे मला लागलं. लागायला नको होतं, कारण वाक्य माझंच होतं. पण सांगितलेलं त्यांनी ऐकलं. जिन्यावरून उतरताना ते शीळ घालत होते.

बुधवार, ७ एप्रिल

नाटक पुन्हा उभं राहतंय. फिजिओबाई दार ढकलून आत आल्या. "शनिवारी सतरा तारखेला प्रयोग. महाराज तयार आहेत. म्हणाले, दरवान तोच हवा. नवा माणूस शोधायला वेळ नाही म्हणून, असंही म्हणाले."

त्यांनी या वेळी वाक्य कसं म्हणायचं ते सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला आता सांगता येत नाही, काका."

मी संध्याकाळभर विचार केला. मागे मी लिहिलंय की दरवानाचं काही चुकलं नाही. त्यात बदल करायचा का, ते ठरत नाही. 'मला कोणी विचारलं नाही' हे खरं आहे. नाटकातल्या बाकी सगळ्यांच्या दोन-दोन पानांत खोटं आहे आणि याच्या एका ओळीत नाही. लोक म्हणूनच हसत असतील. पण तो तिसऱ्या महिन्यातच राजाला पत्र लिहू शकला असता. लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहून घेऊ शकला असता. त्याला राणी आवडत असेल का? ती परत येईल, मग कोणाला काही कळायलाच नको, असं वाटलं असेल का? की बोललं की ते खरं होतं, आणि तोवर दार बंद करून उभं राहता येतं? नाटकात काहीच दिलेलं नाही. एका ओळीत किती देणार.

रविवार, ११ एप्रिल

मुलीला फोनवर प्रयोगाचं सांगितलं. "एकच वाक्य आहे, त्यासाठी एवढ्या लांब येऊ नकोस," म्हणालो. म्हणाली, "येतेय."

शनिवार, १७ एप्रिल

प्रयोग झाला. सभागृह भरलं होतं.

दोन तास भाला धरून उभं राहणं सोपं नाही, गुडघे आखडतात. महाराजांनी आज कापलेलं भाषण पूर्ण म्हटलं, एकदाही न थांबता. मग प्रधान, दासी, पुरोहित. मग ते वळले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तालमीत ते चार पावलं दूर उभे राहायचे.

"तू दारावर होतास. तुला माहीत होतं?"

त्यांचा राग खरा होता. मागच्या रांगेला समजणार नाही, मला समजला. मी वाक्य म्हटलं. कसं म्हटलं ते सांगता येणार नाही. बहुधा सपाटच.

लोक हसले. नेहमीसारखेच. पहिल्या रांगेत रेडिओलॉजिस्ट डॉक्टर होते, ते हसले नाहीत. महाराज हसू ओसरेपर्यंत माझ्याकडे बघत थांबले. उंबऱ्यावर बसताना ते माझ्या पायांशी बसले. तालमीत तसं ठरलं नव्हतं. पडदा पडेपर्यंत त्यांचा खांदा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

रंगपटात ते आरशासमोर मिशी सोडवत होते. डिंक निघत नव्हता. आरशातूनच म्हणाले, "चहा घेणार?"

"घेईन."

"मग आण की दोन. दरवान आहेस ना?"

आणला. मुलगी येऊन आमच्यात बसली. महाराजांनी तिला नातीच्या दातांविषयी सगळं सांगितलं. आम्ही बसस्टॉपवर गेलो तेव्हा त्यांनी पहिली बस सोडली.

रविवार, १८ एप्रिल

सकाळी मुलगी चहा घेताना म्हणाली, "बाबा, काल सगळे हसले, मला हसू आलं नाही."

मी म्हणालो, "मी सपाट म्हणतो. फिजिओबाईंची पण तीच तक्रार आहे."

"सपाट नव्हतं."

तिची अकराची गाडी होती. साडेनऊ वाजले होते. मी कप विसळून ठेवले, आणि तिच्याकडे पाठ होती तेव्हाच बोललो. "आईची फिल्म मी काढली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. चार दिवस मी बोललो नाही."

मला वाटलं ती उठून गेली. वळून बघितलं तर तिथेच होती.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तिला त्याच दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी मला फोन केला तिने. तुम्ही म्हणे फिल्म बघून बाहेर आलात आणि तिची पर्स स्वतःच्या हातात घेतलीत. घरापर्यंत. ती म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाने माझी पर्स कधी धरली नाही. काहीतरी मोठं आहे."

मला पर्सचं आठवत नाही. कापडाचं आठवतं.

"मी लगेच तुम्हाला विचारणार होते. तिने मला शपथ घातली. म्हणाली, बाबांना विचारू नकोस, अजिबात नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची त्यांना परवानगी नाही. उगाच माणसाची कोंडी होईल." तिने टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला. "नंतर विचारायचं राहूनच गेलं. आई गेल्यावर मला वाटलं, आता काय विचारायचं."

मी खुर्ची ओढून बसलो. गेली सात वर्षं मी असं धरून चाललो होतो की कोणाच्या मनातच आलं नाही.

ती म्हणाली, "आता विचारू? ते चार दिवस तुमचे कसे गेले?"

मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तिला सांगून झालंय. सांगता सांगता अकराची गाडी गेली. पुढची दोनची होती, तीही गेली.